वडिलांची सही, जुळणी एकोणीस टक्के

एका शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता एका बापाने आपल्या मुलीच्या संमतिपत्रावर, ‘वडिलांची सही’ असं छापलेल्या जागी, स्वतः सही केली. गुन्ह्याला सुरुवात झाली ती इथे.

गुन्ह्यामागे कसलाही कट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मुलगी आठवीत होती. चारशे मीटर धावण्यात ती शाळेत पहिली आली होती आणि पुढच्या रविवारी अंतिम फेरीला जाणार होती. त्यासाठी घरून संमती हवी होती. तिची आई आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार-पाच दिवस बाहेरगावी गेली होती. मुलीने कागद बापापुढे धरला तेव्हा बाप बुटाची नाडी बांधत होता.

“बाबा, सही.”

“आई आली की करेल.”

“आई बुधवारी येणार. कागद सोमवारी द्यायचाय. आणि बाबा, इथे ‘वडिलांची’ असं लिहिलंय.”

मुद्दा बिनतोड होता. त्याने पेन काढलं, कागद चपलांच्या कपाटावर सपाट केला आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच शाळेच्या कागदावर आपलं नाव लिहिलं. सावकाश, नीट, पहिलीतल्या मुलाने अक्षर गिरवावं तसं.

मुलीने सहीकडे मान वाकडी करून पाहिलं. “अशी असते तुमची सही?”

“अशीच असते.”

“आई वेगळी करते,” असं म्हणून तिने कागद दप्तरात टाकला.

आता या बापाचा व्यवसाय सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तो सरकारी दस्तऐवज तपासनीस होता. खोटी मृत्युपत्रं, बनावट दाखले, मेलेल्या माणसांनी मेल्यानंतर केलेल्या सह्या, असं सगळं त्याच्या टेबलावर यायचं. तो ते भिंगाखाली धरायचा, तिरक्या उजेडात बघायचा, आणि पेन कुठे अडखळलं, कुठे उगाच उचललं, दाब कुठे जास्त पडला, हे पाहून निकाल द्यायचा. सव्वीस वर्षांत त्याच्या निकालावर बरीच माणसं तुरुंगात गेली होती. कोर्टात उभा राहिला की न्यायाधीशही पंखा बंद करून त्याचं ऐकत.

कायदा त्याला झोपेतही पाठ होता. नव्या शिपायांना तो हौसेने शिकवायचा. म्हणायचा, “हे बघा, खोटा कागद तयार करणं हा एक गुन्हा. तो कागद दुसऱ्याच कुणीतरी तयार केला, तुम्ही फक्त पुढे सरकवला, तर तुम्ही सुटलात का? नाही. कागद खोटा आहे, तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही तो खरा म्हणून वापरलात, की तुम्हाला शिक्षा तीच, जणू तुम्हीच तो केलात. कागद असो नाहीतर संगणकातली नोंद असो.” शिपाई माना डोलावत. मग एखादा हळूच विचारी, “साहेब, पण फसवायचा हेतू नसेल तर?” तेव्हा तपासनीस खूश होऊन म्हणे, “शाब्बास! हेतू नसेल तर गुन्हा नाही. पण हेतू भिंगाखाली दिसत नाही.”

सोमवारी अकरा वाजता शाळेतून फोन आला.

शाळेत त्या वर्षी सही पडताळणीची यंत्रणा बसवली होती. पालकांच्या नावाने मुलंच सह्या करतात अशी तक्रार वाढली होती. म्हणून गेल्या आठ वर्षांची प्रगतिपुस्तकं, रजेचे अर्ज, लसीची संमतिपत्रं असं सगळं यंत्रात भरून यंत्राला प्रत्येक घरची सही शिकवली होती. या मुलीच्या वडिलांच्या एकशे चौदा सह्या यंत्राने अभ्यासल्या होत्या. एकशे पंधरावी आली आणि पडदा लाल झाला. जुळणी एकोणीस टक्के. बनावट असण्याची दाट शक्यता.

तपासनीस पोचला तेव्हा मुलगी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसली होती.

“मी सांगितलं त्यांना, बाबांनीच केली,” ती म्हणाली. “तर म्हणतात, सगळे असंच सांगतात.”

आत कारकूनबाई होत्या. चेहरा प्रेमळ होता, पण तो पडद्याच्या मागे होता.

“सही माझीच आहे,” तपासनीस म्हणाला.

“तुम्ही कोण?”

“तिचा बाप.”

“ओळखपत्र?”

त्याने दिलं. बाईंनी ते यंत्राखाली सरकवलं. पडदा हिरवा झाला. “चौऱ्याण्णव टक्के. ओळखपत्रावरची सही अगदी खरी आहे. आता तुमचं बघू. इथे सही करा.”

तपासनिसाने सही केली. बावीस टक्के. दुसरी केली. सतरा. तिसरी करताना त्याच्या कपाळावर घाम आला, आणि ती चौदावर गेली.

“दडपण घेऊ नका,” कारकूनबाई समजुतीने म्हणाल्या. “काही लोकांना नाही जमत स्वतःची सही. घरी जाऊन सराव करा. आम्ही नमुना छापून देतो.”

त्यांनी नमुना छापून दिला. सव्वीस वर्षांच्या सवयीने तपासनिसाचे डोळे आपोआप बारीक झाले. पहिल्या अक्षराची गाठ घट्ट, मधे पेन न उचलता एकाच दमात नेलेली ओळ, आणि शेवटी वर उडालेला एक बेफिकीर फराटा. हा हात तो रोज बघत होता. किराण्याच्या यादीवर बघत होता, फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर बघत होता. हा हात त्याच्या बायकोचा होता.

तसं त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. शाळेचे कागद संध्याकाळी यायचे, तो उशिरा यायचा, कागद सकाळी परत जायचे. मधे सही कुठून उगवते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. दूध कुठून येतं हेही त्याने कधी विचारलं नव्हतं.

“बाई,” तो सावकाश म्हणाला, “समजा, तुमच्याकडच्या एकशे चौदा सह्या बरोबर नसतील, तर?”

कारकूनबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “म्हणजे एकशे चौदा बनावट? मग शाळेने आठ वर्षं बनावट कागद खरे म्हणून वापरले? मी वापरले?” त्यांनी आवाज खाली आणला. “साहेब, असं काही बोलू नका. तुम्ही एक आहात. त्या एकशे चौदा आहेत.”

मग मुख्याध्यापिका आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या की शाळा कुणावर आरोप करत नाही, यंत्रणाच करते. लाल शेरा पडला की प्रकरण आपोआप सरकारी प्रयोगशाळेत जातं. ते गेलंही. तिथल्या तज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत या संमतिपत्राचा वाद चालू समजायचा, आणि वाद चालू असताना दुसरं संमतिपत्र घेता येत नाही.

“किती तारखेपर्यंत अहवाल आला तर ती धावू शकेल?”

“शुक्रवार. काळजी करू नका. तिथले तपासनीस फार काटेकोर आहेत म्हणतात.”

“हो,” तपासनीस म्हणाला. “मीही ऐकलंय.”

मंगळवारी सकाळी लाखेने बंद केलेलं पाकीट त्याच्या टेबलावर होतं. प्रयोगशाळेत तपासनिसांच्या दोन जागा होत्या. दुसरी चार वर्षं रिकामी होती. ती भरायची फाइल सह्यांसाठी फिरत होती. तपासनिसाने पाकीट न फोडता संचालकांना फोन लावला.

“सर, हे प्रकरण मला तपासता येणार नाही. वादग्रस्त सही माझीच आहे.”

“तुम्हाला कसं कळलं?” संचालकांनी विचारलं. “पक्षकारांची नावं काळ्या पट्टीने झाकलेली असतात.”

“पण सर, ती माझी...”

“नियम असा आहे की तपासनिसाला पक्षकार कोण ते कळता कामा नये. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे तुम्हाला ते कळलेलं नाही. कळलेलं असेल तर गोपनीयतेचा भंग झाला, आणि त्याची चौकशी लावावी लागेल. कुणाची लावू?”

तपासनिसाने पाकीट टेबलाच्या कडेला सरकवलं.

“आणि हेतू चांगला असेल तर कशाला घाबरता?” संचालक मायेने म्हणाले.

“तोच तर प्रश्न आहे सर. हेतू कुठे लिहू?”

“हेतूचा रकाना नाहीये,” संचालक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तपासनिसाने पाकीट फोडलं. रीतीप्रमाणे वादग्रस्त सहीला ‘वा-१’ असा क्रमांक दिला आणि मान्य सह्यांना ‘मा-१’पासून ‘मा-११४’पर्यंत. मग त्याने भिंग उचललं.

मा-१. पहिलीतला प्रवेश. सही जरा जपून केलेली. मा-५ पासून हात सैल. मा-९च्या कडेला तेलाचा डाग. मा-१७ ओल्या बोटाने धरलेली. मा-२२ उभ्याने, बहुधा दाराच्या चौकटीवर कागद टेकवून. सही लहान होवो, मोठी होवो, चाल तीच. काय हात होता! सव्वीस वर्षांत इतकी मोकळी, इतकी खात्रीची सही त्याने पाहिली नव्हती. अशा सहीवर तो डोळे झाकून ‘अस्सल’ लिहीत असे.

नियमाप्रमाणे सहीबरोबर वरचा मजकूरही नोंदवायचा असतो. तोही त्याने वाचला. मा-२९: कांजिण्यांमुळे अकरा दिवस रजा. मा-३७: शाळेच्या जिन्यावरून पडल्याने हनुवटीला दोन टाके, पालकांना कळवले. तपासनिसाने भिंग खाली ठेवलं. हनुवटीवरची ती खूण जन्मापासूनची आहे, असं तो आजवर समजत होता. मा-६१: गाण्याच्या तासाला बसण्याची परवानगी. मुलगी गाते? मा-८८: वर्गात वडिलांच्या कामावर निबंध वाचला, फार छान, घरी जरूर वाचावा.

तो दुपारचं जेवायला उठला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने एकशे चौदा कागद वाचले. मग वा-१ काढली, आणि त्याला स्वतःचीच कीव आली. रेघ कापरी. वेग नाही. तीन ठिकाणी पेन उचललेलं. दुसऱ्याची सही बघून बघून उतरवणाऱ्या नवशिक्या चोराची जी जी लक्षणं तो शिपायांना शिकवत असे, ती सगळी तिच्यात होती.

यावर एक उपाय होता. आपल्या खऱ्या सहीचे जुने नमुने शोधायचे. कचेरीतले कामाचे नव्हते. तिथे सहा वर्षांपासून सही म्हणजे संगणकाला लावायची डिजिटल सहीची एक छोटी काडी होती, आणि ती कोर्टालाही चालत असे. त्याआधीचे कागद वाळवीने तपासले होते. घरी जाऊन त्याने कपाटातले सगळे कागद जमिनीवर मांडले. बँकेचा अर्ज, विजेचं कनेक्शन, घराचा करार, विमा. प्रत्येकाखाली त्याचं नाव होतं, आणि प्रत्येकावर तो बेफिकीर फराटा होता. सगळ्यांत तळाशी लग्नाच्या नोंदणीचा दाखला होता. त्याने तो दिव्याखाली धरला आणि फोन लावला.

“अगं, लग्नाच्या कागदावरसुद्धा माझी सही तूच केलीस?”

“अहो, तुम्ही साक्षीदार शोधायला खाली गेला होतात,” बायको म्हणाली. “तो अधिकारी जेवायला उठत होता. काय करणार मग?”

“पण तेव्हा तुला माझी सही माहीतही नसेल!”

“नव्हतीच. अंदाजाने केली. नंतर मग तीच ठेवली.”

तपासनीस जमिनीवर बसून राहिला. “म्हणजे कागदोपत्री तुझं लग्न तुझ्याशीच झालंय.”

“म्हणूनच टिकलंय,” बायको म्हणाली. “पोरीच्या कागदाचं काय झालं?”

त्याने सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “एवढंच ना? मी बुधवारी येतेच आहे. येऊन करते सही.”

“अगं, तोच गुन्हा आहे!”

“आणि ती नाही धावली तर?”

बुधवारी सकाळी तपासनिसाने अहवालाचा कोरा फॉर्म पुढे ओढला. फॉर्ममध्ये तीन चौकटी होत्या. वादग्रस्त सही आणि मान्य सह्या एकाच व्यक्तीच्या आहेत. नाहीत. सांगता येत नाही. पहिलीवर खूण केली तर ते खोटं. तिसरीवर केली तर प्रकरण दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणार, तिथे अकरा महिन्यांची रांग, तोवर मुलगी नववीत. मान्य सह्याच खोट्या आहेत, अशी चौथी चौकट नव्हतीच. त्याने ती हाताने काढली असती, तर बायको आरोपी झाली असती आणि तिचे कागद आठ वर्षं डोळे मिटून वापरणारा तोही. रविवारी मुलीला बुटाची नाडी बांधायला घरात कुणी उरलं नसतं.

मग त्याच्या लक्षात आलं की सही खरी कुणाची, असं फॉर्म विचारतच नव्हता. जुळते का, एवढंच विचारत होता. त्याने दुसऱ्या चौकटीवर खूण केली आणि खाली लिहिलं: ‘वादग्रस्त सही ही मान्य सह्या करणाऱ्या व्यक्तीने केलेली नाही. ती अकुशल हाताने, अनुकरण करून केलेली दिसते.’ यातला शब्द न् शब्द खरा होता. सव्वीस वर्षांत इतका खरा अहवाल त्याने लिहिला नव्हता.

शाळेच्या यंत्रणेला मात्र काडीची सही चालत नव्हती. तिला शाईची लागे. त्याने अहवालाखाली शाईने सही करून तो पाठवला. चार मिनिटांत उत्तर आलं. यंत्रणा आलेली प्रत्येक सही आपल्या साठ्याशी ताडून बघत असे, आणि माणसांपासून झाकलेली नावं यंत्रणेपासून झाकलेली नव्हती. जुळणी एकवीस टक्के. ‘तपासनिसाच्या नावे अज्ञात व्यक्तीने बनावट अहवाल सादर केला आहे. अस्सल अहवाल शुक्रवारपर्यंत पाठवावा.’

संध्याकाळी बायको आली. बॅग दारात ठेवली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, “कुठे करायची?”

“आधी वाच तरी. हा सरकारी अहवाल आहे.”

“सगळं वाचत बसले असते ना, तर ही अजून पहिलीत असती.”

तपासनीस कागद धरून उभा राहिला. मुलगी बूट पॉलिश करत होती. तिने वर पाहिलं नाही, पण तिचा ब्रश थांबला होता. त्याने एकदा तिच्या हनुवटीकडे पाहिलं आणि कागद ओट्यावर ठेवला.

त्याने आजवर जे शिकवलं होतं ते सगळं त्याला आठवत होतं. कागदावरची सही खोटी असणार होती, त्याला ते ठाऊक होतं, आणि तो ती खरी म्हणून वापरणार होता. या खेपेला तर हेतूही होता. तो हेतू समोर बूट पॉलिश करत बसला होता.

बायकोने एका हाताने गॅस बारीक केला आणि दुसऱ्याने सही केली. पापणी लवायच्या आत. फराटा कागदाबाहेर ओट्यावर गेला.

अहवाल पुन्हा गेला. अठ्ठ्याण्णव टक्के. पडदा हिरवा झाला, पहिलं संमतिपत्र बनावट म्हणून रद्द झालं, आणि नव्या संमतिपत्राची जागा उघडली. तेही तिने उभ्या उभ्या उरकलं. सत्त्याण्णव.

गुरुवारी सकाळी शाळेतून कारकूनबाईंचा फोन आला. “आता कसं,” त्या म्हणाल्या. “सराव केलात ना घरी? मी म्हटलंच होतं.”

पण गुन्हा झाला होता, तज्ज्ञाने तसं लेखी दिलं होतं, म्हणजे गुन्हेगारही असायलाच हवा. गुरुवारीच दुपारी हवालदार घरी आला. वही उघडून तो सोफ्याच्या कडेवर बसला.

“साहेब, तुमच्या नावाने कुणीतरी सही केलीय. एकदा शाळेच्या कागदावर आणि एकदा चक्क सरकारी अहवालावर. माणूस धाडसी दिसतोय. घरात कुणावर संशय?”

तपासनिसाने तोंड उघडलं, पण बायको चहा घेऊन आली होती.

“तसा एक माणूस आहे,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी येतो. जेवतो, पेपर वाचतो, झोपतो.”

हवालदाराचं पेन धावू लागलं. “मग? त्याच्यावर संशय आहे?”

“छे! त्याने आजवर पोरीच्या एकाही कागदाला हात लावलेला नाही. तो असं करणं शक्यच नाही.”

“शेजाऱ्यांना विचारलं तर ओळखतील त्याला?”

“शाळेत तर कुणीच ओळखत नाही,” मुलगी आतून म्हणाली.

हवालदाराने लिहिलं: ‘घरातील व्यक्तीवर संशय नाही. आरोपी अज्ञात.’ मग त्याने सल्ला दिला. दार लावून घेत जा, पेनं उघड्यावर ठेवू नका. आणि जबाबाचा कागद तपासनिसापुढे केला. “इथे एक सही द्या.”

तपासनिसाने पेन हातात घेतलं. कागदाकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं.

हवालदाराने घड्याळ बघितलं. त्याला अजून दोन घरं करायची होती. “अहो, कुणीही करा,” तो म्हणाला. “नाव त्यांचं येऊ द्या म्हणजे झालं.”

रविवारी सकाळी तपासनीस पहिल्यांदाच मुलीबरोबर मैदानावर गेला. धावायच्या आधी ती उजव्या पायाचा बूट दोनदा सोडून बांधते, आणि शेवटच्या वळणावर तिची मान डावीकडे झुकते, हे त्याला कळलं. ती दुसरी आली. पहिली येणारी पोरगी तिच्यापेक्षा हातभर उंच होती, असं तो पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होता. मुलगी धापा टाकत आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही किती ओरडत होता!”

“मी?”

“तुम्हीच. आवाज तुमचाच होता. मी ओळखला.”

पदक घ्यायला ती रांगेत गेली, आणि तपासनीस संयोजकांच्या टेबलापाशी उभा राहिला. टेबलावर सगळ्या स्पर्धकांच्या संमतिपत्रांचा गठ्ठा होता. वाऱ्याने कागद उलटत होते. बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण डोळ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. बेचाळीस कागद, बेचाळीस वडील. त्यांतल्या एकतीस वडिलांचा हात बाईचा होता. सहा वडील अजून शाळेत जात होते, आणि त्यांतल्या एकाला जोडाक्षरं येत नव्हती. तीन सत्तरीच्या पुढचे, थरथरते. एक बहुधा शाळेच्या गाडीचा चालक असावा, कारण तोच हात मागच्या बाजूला वेळापत्रक लिहून गेला होता. सगळ्यांवर हिरवा शिक्का होता. एकाच कागदावर ‘संशयास्पद, तरी अपवाद म्हणून मान्य’ असा लाल शेरा होता. ती सही कापरी होती, सावकाश केलेली होती, आणि खऱ्याखुऱ्या वडिलांची होती. ते गृहस्थ मैदानाच्या कडेला एकटेच उभे होते. बाकीचे पालक त्यांच्यापासून जरा अंतर राखून होते.

“काय बघताय साहेब?” संयोजकाने विचारलं. “तुम्हाला सह्यांतलं कळतं का काही?”

“थोडंफार.”

“मग? काही गडबड?”

तपासनिसाने गठ्ठा हळूच नीट केला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर शिट्टी ठेवली. “काही नाही,” तो म्हणाला. “सगळं व्यवस्थित जुळतंय.”

वरून सातवा कागद तुमच्या घरचा होता. सही झकास आहे, हात अगदी सराईत. कुणाचा आहे ते तपासनिसाने बोलून दाखवलं नाही. तुम्हीही त्याच्याबद्दल कुठे बोलू नका.